पेटीला जरीचं कव्हर

आमच्या घरात कव्हर नसलेली एकच वस्तू आहे, आणि ती म्हणजे मी. बाकी टीव्हीला कव्हर आहे, मिक्सरला आहे, फ्रिजला आहे आणि फ्रिजच्या हँडलला वेगळं आहे. गॅसच्या सिलिंडरला झालरीचा घागरा आहे. रिमोटला प्लास्टिकचं कव्हर आहे आणि त्या प्लास्टिकला मळ लागू नये म्हणून त्यावर कापडाचं. सुरतेत कापडाला तोटा नाही, आणि आमच्या मालतीला शिलाई मशीन रिकामं दिसलं की चैन पडत नाही. एवढं कशासाठी, असं विचारलं की ती म्हणते, "धूळ बसस." लग्न करून खानदेशातून इथे गोडादऱ्यात आली त्याला चौतीस वर्षं झाली, पण घरात तिची अहिराणी सुटली नाही आणि धुळीशी वैरही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे काही घडलं ते अशाच एका कव्हराने घडवलं. माझा त्यात काडीचा दोष नव्हता. घरात सगळ्यांना हे पटवून पाहिलं, आता तुमच्यापुढे ठेवतो.

मी लूमच्या खात्यात एकतीस वर्षं मास्तर होतो. मास्तर म्हणजे फळ्यासमोरचा नव्हे. अडलेला लूम ठोकून-पिळून पुन्हा चालू करून देतो त्यालाही आमच्याकडे मास्तरच म्हणतात. एका शेडमध्ये बहात्तर लूम एकदम चालतात, तेव्हा शेजारच्याने बोंब मारली तरी त्याचं फक्त तोंड उघडलेलं दिसतं. त्यामुळे आम्ही सगळं हातवाऱ्यांवर आणि ओठांवर बोलायचो. दोन बोटं वर म्हणजे बॉबिन संपली, टोपीची खूण केली म्हणजे शेठ आला. एकतीस वर्षांत कधी गैरसमज म्हणून झाला नाही. बाहेरच्या जगात मात्र लोक तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, पाठ फिरवून बोलतात, आणि वर आपल्यालाच विचारतात, "ऐकू येत नाही का?" येतं! मला व्यवस्थित ऐकू येतं. लोकच हल्ली हळू बोलायला लागलेत.

गेल्या दिवाळीत कामरेजहून परत येताना माझ्या गाडीमागे एक अँब्युलन्स होती. ती म्हणे अर्धा किलोमीटर सायरन वाजवत होती, आणि मी म्हणे तिच्यापुढे रमतगमत चाललो होतो. मागच्या सीटवरून हर्षदाने माझा खांदा धरून गदागदा हलवला तेव्हा मी बाजूला झालो. हर्षदा म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. ती कामरेजला शाळेत शिकवते, आणि इकडे आली की आम्हाला शिकवते. घरी पोचल्यावर तिने एक शब्द न बोलता गाडीची चावी काढून आईच्या हातात दिली. पुढच्या महिन्यात कानात घालायचं मशीन घेऊन आली. मी ते कपाटात ठेवलं. मालतीने त्याला मखमलीचं कव्हर शिवलं. चावी कळण्याच्या भाकरीच्या पिठाच्या डब्यात गेली, आणि अकरा वर्षांची आमची पांढरी गाडी, अर्थातच कव्हर घालून, सोसायटीच्या दारात उभी राहिली.

आयुष्यभर दुसऱ्यांची मशीनं चालवली आणि शेवटी स्वतःचं म्हणून हे एक मशीन घेतलं, तर त्याला हात लावायची मलाच बंदी. रोज संध्याकाळी खाली जाऊन मी उगाच टायर दाबून बघायचो. येणारे-जाणारे विचारायचे, "मास्तर, गाडी विकायची का?" तेव्हा मी टायर आणखी जोरात दाबायचो.

अशा वेळी पंडित सोनवणे धावून आला. पंडित आमच्या शेजारी राहतो. त्याचं कटपीसचं दुकान आहे, पण मुख्य धंदा सल्ला देण्याचा. त्याचा एक चांगला गुण असा की तो समोर येऊन, डोळ्यांत डोळे घालून, तोंड मोठं उघडून बोलतो. त्यामुळे त्याचा एकही शब्द चुकत नाही, दुर्दैवाने.

"मास्तर," तो म्हणाला, "आता गाड्या एकमेकींशी बोलणार!"

"काय बोलणार?"

"तेच तर! तारेशिवाय बोलणार. स्मार्ट शहराची योजना आहे. काही बसना, अँब्युलन्सना, सिग्नलना पेट्या बसवून झाल्या. आता चाचणीला आपल्यासारख्यांच्या गाड्या पाहिजेत."

त्याने आणलेलं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं, आणि खरं सांगतो, मग तिसऱ्यांदाही वाचलं. ती पेटी सेकंदाला दहा वेळा आपली खबर हवेत सोडते. मी इथे आहे, अमुक वेगाने चालले आहे, आत्ता ब्रेक दाबला. आणि तशीच आजूबाजूच्या प्रत्येक पेटीची खबर घेते. वळणापलीकडची गाडी, ट्रकच्या आड दडलेली गाडी, अर्धा-पाऊण किलोमीटर मागची अँब्युलन्स, सगळी तिला कळते. आणि ती ते नुसतं बोलून दाखवत नाही, समोरच्या काचेवर दिवा लावून, बाण काढून दाखवते. कुणाला आवाज द्यायला नको, कुणी ऐकायला नको. अरे, आमच्या खात्यात बहात्तर लूमवरची माणसं दुसरं काय करत होती?

माझ्या मनात दुसरंही काही आलं. ते मी पंडितला सांगितलं नाही, मालतीलाही नाही. माझी गाडी माझ्यासाठी ऐकणार होती.

अर्ज करायला एका कार्यालयात गेलो. कुठल्या, ते विचारू नका. पहिल्या मजल्यावर कळलं की गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. चौथ्या मजल्यावर कळलं की जुन्याच गाड्या कमी पडतायत, म्हणून चालते. मग पहिल्या मजल्यावर परत जाऊन चौथ्या मजल्याचं सांगितलं, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "लखीने आपो." म्हणजे लिहून आणा. लिहून आणलं. मग त्यांनी अर्जावरच्या एका चौकटीवर बोट ठेवलं. वाहनाची माहिती या मथळ्याखाली पासपोर्ट साइज फोटो मागितला होता.

"माझा ना?" मी विचारलं.

"वाहनाच्या खाली लिहिलंय ना काका, मग वाहनाचा," त्या गुजरातीत म्हणाल्या. "पाठीमागे पांढरा पडदा जोईए."

तुम्ही म्हणाल, मास्तर, असं कुठे असतं का? मीही म्हणालो असतो. पण पंडित सोबत होता, आणि तो म्हणाला की नियम म्हणजे नियम. त्याने गाडी चालवत फोटो स्टुडिओसमोर नेली. स्टुडिओवाल्याने दुकानातून दोन पांढऱ्या चादरी आणल्या. त्या गाडीमागे धरून उभं राहायला रस्त्यावरची चार माणसं आनंदाने तयार झाली. फोटोग्राफरने कॅमेरा लावला, गाडीकडे बघून भुवया उंचावल्या आणि म्हणाला, "जरा सरळ." पंडितने गाडी वीतभर सरळ घेतली. त्या फोटोत आमची गाडी इतकी गरीब दिसते की बघवत नाही. तो अर्जावर चिकटवला आणि गंमत म्हणजे चालला. अर्जात शेवटी एक रकाना होता, चालकाची श्रवणशक्ती. मी तिथे "उत्तम" लिहिलं. लिहिताना पेन अडलं, पण ते पेनच तसं होतं.

पेटी बसवायला योजनेच्या वर्कशॉपमध्ये गेलो तिथे इंजिनिअर होत्या पल्लवी वानखेडे. मूळच्या अकोल्याकडच्या, वाढल्या सुरतेत, लिंबायतला. काळी पेटी होती हळदीकुंकवाच्या करंड्यापेक्षा जरा मोठी. पल्लवीबाईंनी ती स्टिअरिंगपुढच्या फळीवर बसवली, आणि म्हणाल्या, "काका, ते समोरचं गोडाऊन दिसतंय? त्याच्या भिंतीमागं आमची एक गाडी आहे. तिकडं बघू नका, इकडं पेटीकडं बघा."

मी पेटीकडे बघितलं. काचेवर उजव्या बाजूला एक नारिंगी बाण उमटला. मग तो लाल झाला, मोठा झाला, लुकलुकला, आणि त्यानंतर, पुरतं त्यानंतर, भिंतीमागून एक गाडी बाहेर आली.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. वीट-सिमेंटची जाडजूड भिंत मधे होती आणि माझ्या गाडीला पलीकडचं कळलं होतं! मी म्हणालो, "पुन्हा एकदा." त्यांनी पुन्हा केलं. मी पाच वेळा पुन्हा करायला लावलं आणि पाचही वेळा मला पहिल्याइतकंच नवल वाटलं. पंडितसुद्धा गप्प होता, आणि असं मी सुरतेत प्रथमच पाहिलं.

हर्षदाला मी सगळं सांगितलं. तिने गाडीत वाकून पेटी सगळीकडून बघितली आणि शाळेत लावतात तसा नियम लावला. "पप्पा, रविवारी मी सोबत बसते. कामरेजपर्यंत जायचं. मागून-पुढून काही आलं आणि पेटीने वेळेवर सांगितलं, तर चावी तुमची. नाही तर गाडी विकायची. मग पुन्हा विषय काढायचा नाही."

"कबूल," मी म्हणालो. भिंतीपलीकडचं बघणारी पेटी माझ्याकडे होती, मला कसली भीती?

रविवारी सकाळी सोसायटीतले लोक पेटीचं दर्शन घेऊन गेले. पंडितने नारळ फोडला. आणि मी गाडीत बसायला गेलो तर पेटी दिसेना. तिच्या जागी शालू दिसला.

लाल-जांभळ्या काठाचं, चारही बाजूंनी बंद, समोर काचेपुरती खिडकी, खाली झालर, वर दुहेरी घडी. भरजरी. मालती बाजूला उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बोट लावून पाहिलं आणि ओळखलं. लग्नातल्या शालूचा पदर होता तो. खरी जर. असला शालू हल्ली कुणाला घेणं होत नाही.

"शालू कापलास?" मी विचारलं.

"मंग? कपाटमां ठेईसन काय करू?" ती म्हणाली. "तुमनी पेटी शे. त्यावर धूळ बसस. आनि तुम्हले चावी भेटाले पाहिजे."

चौतीस वर्षं तिने तो शालू उन्हाला दाखवला नव्हता. मला काय बोलावं कळेना. मी फक्त म्हणालो, "झालर छान आहे," आणि गाडी सुरू केली. माझ्या शेजारी पंडित, मागे हर्षदा, आणि माझ्या बरोबर पाठीमागे मालती. तिची ती कायमची जागा. गाडी सुरू झाली की ती मागे शांत बसते, एक शब्द बोलत नाही. असं मी अकरा वर्षं अभिमानाने सगळ्यांना सांगत आलो आहे.

पेटी काही बोलेना. काचेवर एक गोल फिरत होता आणि खाली लिहिलं होतं, "शोध चालू आहे."

पर्वत पाटियाच्या चौकात एक बस माझ्यापुढे अशी घुसली की पंडितच्या हातातलं नारळाचं खोबरं माझ्या मांडीवर आलं. पेटी शोधच घेत होती. पंडित म्हणाला, "बसवाल्यांच्या पेट्या मोठ्या असतील, त्या लहान गाडीशी बोलत नसतील." पुढच्या सिग्नलला त्याने गाडी बंद करून चालू करायला लावली. मागच्या लोकांनी जे हॉर्न दिले ते सुदैवाने मला ऐकू आले नाहीत, म्हणजे मी तिकडे लक्ष दिलं नाही. मग पंडितने शंका काढली की पेटीला फक्त गुजराती येत असेल, आणि तिच्याकडे वाकून "केम छो?" असं जोरात विचारलं. मग ती उत्तरेकडे तोंड करून बसवली आहे का, ते बघायला तो खाली उतरला. सिग्नल सुटला. पंडित मागे राहिला. त्याला घ्यायला पुढच्या वळणावरून फिरून परत आलो.

"पप्पा," हर्षदा पुढे वाकून म्हणाली, "पेटी बिघडलेली दिसते."

"काही बिघडलेली नाही!" मी म्हणालो. "तिचं काम चोख आहे. बाकीच्या गाड्याच हळू बोलत असतील."

आरशात मला हर्षदाचा चेहरा दिसला. ती म्हणाली, "हे वाक्य आम्ही आधी ऐकलेलं आहे."

आणि सारथाणाच्या अलीकडे ती आली. मला काही दिसलं नाही, काही कळलं नाही, पेटीवरचा गोल फिरतच होता. एकदम पंडितने स्टिअरिंगला हात घातला, मागून हर्षदाने माझा खांदा धरला, आणि आरशात बघतो तर अँब्युलन्सचं तोंड माझ्या डिकीला टेकलेलं. मी कशीबशी गाडी बाजूला घेतली. ती जाताना आतल्या ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने नुसती मान हलवली.

पुढचा रस्ता मी डाव्या कडेने कापला. मला लाज वाटत होती, अशी लाज की गाडी तिथेच सोडून चालत घरी जावं. दुसऱ्यांदा माझ्यामुळे कुणाचा तरी वेळ गेला होता, आणि त्या वेळात आत काय चाललं असेल ते कुणाला माहीत. कामरेजला हर्षदाने चहा दिला आणि हलक्या आवाजात म्हणाली असावी, कारण मी ओठांवरून वाचलं, "पेटी परत करा, पप्पा. रविवारी गाडी बघायला माणूस बोलावते."

मंगळवारी पंडितने गाडी वर्कशॉपला नेली. मी पल्लवीबाईंना चांगलं सुनावायचं म्हणून रस्ताभर भाषण तयार केलं होतं. "तुमच्या पेटीने माझी अब्रू घालवली" इथून सुरुवात होती. पण त्यांनी दार उघडून आत बघितलं आणि माझं भाषण ऐकायच्या आधीच दोन्ही हात गालांवर ठेवले.

"अगं बाई! किती सुंदर शिवलंय!" मग त्यांनी काठावरून बोट फिरवलं, मग थांबल्या. "काका, ही खरी जर आहे?"

"खरी! चांदीची तार, वर सोन्याचं पाणी. आजकाल बघायला मिळत नाही."

"आणि दुहेरी आहे?"

"दुहेरी. चारी बाजूंनी."

त्यांनी अलगद कव्हर उचललं. पेटीवरचा गोल थांबला, आणि एकदम सगळी काच उजळली. डावीकडे बाण, उजवीकडे बाण, दूर कुठेतरी बस, बाहेरच्या सिग्नलला हिरवा व्हायला बावीस सेकंद. त्यांनी कव्हर पुन्हा घातलं. शोध चालू आहे. काढलं. सगळं शहर पुन्हा हजर.

मी एकतीस वर्षं सुरतेच्या धाग्यांत काढली आणि जर म्हणजे धातू हे मला आठवलं नाही! पेटीला आम्ही चांदीच्या पिंजऱ्यात कोंडून वर विचारत होतो की बोलत का नाहीस. दोष पेटीचा नव्हता, बाकीच्या गाड्यांचाही नव्हता. त्या सेकंदाला दहा वेळा बोलत होत्या. आमच्याच पेटीवर कव्हर होतं.

मी हसायला गेलो, पण हसू आलं नाही.

पल्लवीबाई वळसा घालून माझ्यासमोर आल्या. "काका, मघा तुमच्या पाठीमागून तीनदा विचारलं, चहा घेता काय म्हणून."

"माझं लक्ष नव्हतं."

"हाव ना. माझे बाबाबी लूमवर होते. त्यांचंबी कधी लक्ष नसायचं." त्या हसल्या, पण डोळे हसत नव्हते. "आमच्या घरी सगळे ओरडून बोलायचे. मी शाळेत गेली तेव्हा मले कळलं की लोक हळूबी बोलतात. बाबांनी मशीन कधी लावलंच नाही. म्हणायचे, लोक हळू बोलतात."

मी पेटीकडे बघत राहिलो.

"पेटी गाड्यांचं ऐकून देईल, काका. पण ज्याच्याकडं पेटी आहे त्याचंच. सायकलवाल्याकडं पेटी नाही. रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीकडं नाही. आणि मागच्या सीटवर काकू बसत असतील, त्यांच्याकडंबी नाही."

खात्यात मी कुणाच्याही ओठांवरून काहीही वाचायचो. पण मागच्या सीटवरचे ओठ दिसत नाहीत. हे अकरा वर्षांत मला कधी सुचलंच नव्हतं.

पल्लवीबाईंनी हर्षदाला फोन करून जरीचं प्रकरण सांगितलं. हर्षदा शेवटी मास्तरीण. म्हणाली, प्रश्नपत्रिकाच चुकीची होती तर फेरपरीक्षा घ्यावी लागेल. शिवाय म्हणाली, आईला यातलं काही कळू देऊ नका, तिने शालू कापलाय. मी कव्हर घडी करून शर्टच्या खिशात ठेवलं. घरी गेल्यावर कपाटातून आणखी एक गोष्ट काढली आणि ती दुसऱ्या खिशात ठेवली. हे कुणाला सांगितलं नाही.

रविवारी पुन्हा तीच चौघं, त्याच जागा. मालती माझ्या पाठीमागे बसलेली, तिला पेटी दिसत नव्हती. निघालो, आणि काय सांगू तुम्हाला! गोडादऱ्याच्या रस्त्याला लागताच पेटी जागी झाली. पुढची बस ब्रेक दाबायची आणि तिचे मागचे दिवे मला दिसायच्या आत माझ्या काचेवर लाल पट्टी यायची. टेम्पोच्या आडून एक गाडी येत होती, ती मला बाण होऊन आधी भेटली. सिग्नल तर आपण होऊन सांगत होता, अजून अकरा सेकंद, उगाच घाई करू नकोस. मी या रस्त्यांवर इतकी वर्षं वावरलो, पण ते एवढे भरलेले आहेत, एवढी खबर त्यांच्यावरून इकडून तिकडे चालली आहे, हे मला कधी ठाऊकच नव्हतं. बहात्तर लूमचं आमचं खातं म्हणजे याच्यापुढे काहीच नाही. पंडित सारखा म्हणत होता, "बघ, बघ, मास्तर!" आणि मी बघतच होतो.

सारथाणाच्या अलीकडे काचेच्या खालच्या बाजूला निळा दिवा लागला. अँब्युलन्स. मागून. सातशे मीटर.

आरशात काही नव्हतं. पंडितने मागे वळून बघितलं आणि खांदे उडवले. मी इंडिकेटर दिला आणि गाडी डावीकडे घेतली. तेवढ्यात पुढची बसही डावीकडे सरकली. बसच्या पुढची एक करडी गाडी सरकली. ते बघून रिक्षावाले सरकले, मोटरसायकलवाले सरकले, कुणी कुणाला हाक मारली नाही, कुणी हात केला नाही. भर रस्त्यात मधोमध एक सरळ वाट उघडत गेली. दूर पुढच्या चौकातला लाल सिग्नल आपली वेळ सोडून हिरवा झाला.

आणि मग ती आली. एकदाही ब्रेक न दाबता, त्या मोकळ्या वाटेने, आमच्या सगळ्यांच्या मधून निघून गेली.

आत कोण होतं, मला माहीत नाही. पण त्या माणसासाठी पंचवीस-तीस अनोळखी गाड्यांनी आधीच जागा करून ठेवली होती, आणि त्यांतली एक माझी होती. माझ्या डोळ्यांना धार लागली. गाडी तशीच बाजूला उभी ठेवून मी स्टिअरिंगवर हात जोडले. मागून एक हात खांद्यावर आला. या वेळी तो हलवत नव्हता, नुसता ठेवलेला होता.

कामरेजला घरात शिरल्या शिरल्या हर्षदाने चावी माझ्या तळहातावर ठेवली. "पास," ती म्हणाली. "पहिल्या वर्गात."

मी चावी घट्ट धरली. सहा महिने याच क्षणाची वाट बघत होतो. आणि माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हणालो, "हर्षदा, दिवाळीत मला सायरन ऐकू आलाच नव्हता. गेल्या रविवारीही नाही. आजही नाही. आज पेटी होती म्हणून दिसला."

मी खिशातून मखमलीचं कव्हर काढलं, त्यातून मशीन काढलं. हर्षदाने ते माझ्या कानात बसवलं. मग कट् असं काहीतरी झालं, आणि सगळं घर माझ्या अंगावर धावून आलं. पंखा कुरकुरत होता. आतल्या खोलीत मालतीने घातलेल्या फोडणीतली मोहरी तडतडली. मोहरी तडतडते, हे मी विसरूनच गेलो होतो! पंडित बोलत होता आणि तो इतक्या मोठ्याने बोलतो हे मला त्या दिवशी कळलं. मी त्याला म्हणालो, "पंडित, जरा हळू." त्याचं तोंड उघडंच राहिलं.

दुपारी परत निघालो. पंडितची मावसबहीण कामरेजला राहते, तिला सल्ला द्यायला तो थांबला. गाडीत आम्ही दोघंच. मी पुढे, मालती माझ्या पाठीमागे, तिच्या जागेवर, नेहमीसारखी शांत. पेटी आपलं काम करत होती. मी ऐटीत पाचवा गिअर टाकला.

आणि मागून आवाज आला. बारीक, एका सुरातला, न थांबणारा.

"कानबाई माय, सांभाळ वं. पुढे ट्रक शे माय. येसले दखास ना? दखू दे वं माय. आते वळण उनं. कानबाई माय, ब्रेक दाबू दे येसले. दाबा. दाबा. घर पोहचू दे माय, तुले नारळ फोडसू..."

मी गाडी हळू केली. पन्नास केली, चाळीस केली. मागचा आवाज मंद होत होत थांबला आणि बांगड्या वाजल्या.

"मालती," मी विचारलं, "हे तू कधीपासून म्हणतेस?"

"काय?"

"हेच. कानबाईला."

तिने बांगड्या मागे सारल्या. मग म्हणाली, "गाडी लिधी तवपासून."

म्हणजे अकरा वर्षं. अकरा वर्षं ती बाई मागे बसून देवीला नारळ बोलत आली, आणि मी लोकांना सांगत राहिलो की आमची ही गाडीत एकदम निवांत असते. मला राग यावा की रडू यावं, कळेना. "अगं, मग मला सांगायचं नाही का?"

"सांगत तर व्हतू," ती म्हणाली. "रोज सांगत व्हतू."

मी चाळीसच्या वर गेलो नाही. माझ्या कानातलं मशीन बघायला ती मागून पुढे वाकली. तिने माझ्या कानाला हळूच बोट लावलं, डोकं कलतं करून बघितलं, बहुधा तिथेही धूळ बसेल असा विचार करत होती. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून पुढे गेली, स्टिअरिंगपुढच्या फळीवर, उघड्या पेटीवर.

"अहो," ती म्हणाली, "मना शालूनं कव्हर कोठे शे?"

गेली कित्येक वर्षं अशा प्रश्नांना मी आरामात ऐकलं नाही म्हणून सोडून देत आलो होतो. आता मला स्पष्ट ऐकू आलं होतं, आणि गोडादरा अजून बारा किलोमीटर लांब होतं.